नऊ नंबरच्या अकरा गोळ्या

वृद्धनिवासाच्या दाराशी, पाहुण्यांच्या वहीच्या बरोबर वर, काचेच्या चौकटीत एक प्रमाणपत्र टांगलं होतं. सलग चार वर्षं एकही औषध चुकलं नाही, उशिरा गेलं नाही आणि सांडलं नाही, याबद्दल ते मिळालं होतं. कोणी आपल्या आईवडिलांसाठी जागा बघायला आलं, की व्यवस्थापक आधी ते प्रमाणपत्र दाखवत, मग बाग दाखवत, आणि वेळ उरलाच तर आत राहणारी म्हातारी माणसं दाखवत.

मग एके दिवशी वरच्या कार्यालयाचं पत्र आलं. बासष्ट रहिवासी असलेल्या ठिकाणी आठवड्यातून निदान एक दिवस फार्मासिस्ट हवा. व्यवस्थापकांनी पत्र दोनदा वाचलं आणि जिन्याखालच्या खोलीतले झाडू बाहेर काढले. त्यांची समजूत अशी, की येणारा माणूस कपाटाच्या किल्ल्या मोजेल, मुदत संपलेल्या बाटल्या फेकेल आणि चार वाजता घरी जाईल.

आल्या त्या पन्नाशीच्या बाई होत्या. वीस वर्षं औषधाच्या दुकानात काउंटरमागे उभ्या राहिलेल्या. डॉक्टरची चिठ्ठी उलटी धरली तरी त्यांना वाचता यायची. स्वभावानं गरीब, आवाज हळू, पण खोड एकच. कुठलीही गोळी दिसली की विचारायच्या, "ही कशाला?"

पहिल्या मंगळवारी औषधांच्या ट्रॉलीमागून फिरताना त्यांनी हा प्रश्न एकतीस वेळा विचारला. मोठ्या सिस्टरनी मोजला होता. दुसऱ्या मंगळवारपर्यंत बाईंचं नाव पडलं: कशालाबाई.

"ही गोळी कशाला, सिस्टर?"

"चार्टवर आहे म्हणून."

"चार्टवर कशाला आहे?"

"मागच्या महिन्याच्या चार्टवर होती म्हणून," सिस्टर म्हणाल्या. त्या चिडल्या नव्हत्या. त्यांना खरंच वाटलं, बाईंना एवढंही ठाऊक नाही.

चार्टावर दर महिन्याला डॉक्टरांची मंजुरी लागे. डॉक्टर गुरुवारी येत. बासष्ट माणसांना त्यांच्याकडे चाळीस मिनिटं होती. लिहून लिहून मनगट दुखायला लागल्यावर त्यांनी एक रबरी शिक्का करून घेतला होता. त्यावर दोनच शब्द: पुढे चालू. माणूस जेवत असो, झोपलेला असो की आंघोळीला गेलेला असो, शिक्का पडायचा.

नऊ नंबरच्या खोलीत मास्तर राहत. चाळीस वर्षं त्यांनी शिवणकाम केलं होतं. वकिलांचे कोट, लग्नाचे सूट, शाळेचे गणवेश. आता ते दिवसभर खिडकीजवळच्या खुर्चीत बसून असत. गळ्यात लाळेरं बांधलेलं, दोन्ही हात थरथरत असलेले, चेहरा इस्त्री मारल्यासारखा सपाट. सूपचा चमचा तोंडापर्यंत पोचेस्तोवर रिकामा व्हायचा. बोलणं जवळजवळ बंद. पण गोळ्या मात्र अकरा.

बाई त्यांच्यासमोर वाकून उभ्या राहिल्या. "कसं काय, मास्तर?"

मास्तरांनी डोळे हळूच वर केले. मग ओठ हलले. "उजवा खांदा उतरलाय."

"दुखतोय का खांदा?"

मास्तरांची नजर त्यांच्या खांद्यावर होती. "माझा नाही. तुमच्या कोटाचा. शिवतानाच उतरवलाय."

बाईंनी जिन्याखालच्या खोलीतल्या आरशात जाऊन पाहिलं. उजवा खांदा खरंच बोटभर खाली होता. पाच वर्षं तो कोट घालून त्या हिंडल्या होत्या आणि घरच्या एकाही माणसाला ते दिसलं नव्हतं. त्यांच्या मनात आलं, ज्या माणसाला एवढं दिसतंय तो माणूस आत शाबूत आहे. वरून कोणीतरी झाकण लावलंय.

त्या परत नऊ नंबरमध्ये गेल्या आणि ट्रॉली अडवली.

"सिस्टर, ही पिवळी कशाला?"

"हात थरथरतात ना, त्यासाठी. कंपवात आहे त्यांना."

"आणि हा फवारा?"

"पिवळीनं तोंड कोरडं पडतं."

"हे सिरप?"

"पिवळीनं पोट साफ होत नाही."

"ही निळी?"

"पिवळी सुरू झाल्यापासून संध्याकाळी भलतंच दिसायला लागलं त्यांना. म्हणतात, खोलीत गिऱ्हाइकं उभी आहेत, मापं घ्यायची राहिलीत. म्हणून निळी. शांत राहायची."

"आणि या दोन?"

"निळी घेऊन चालताना दोनदा पडले. म्हणून हाडांसाठी."

बाईंनी कपातली शेवटची, चपटी पांढरी गोळी बोटावर घेतली. "ही?"

"चक्करेची."

"चक्कर येते त्यांना?"

"अजिबात नाही," सिस्टर अभिमानानं म्हणाल्या. "गोळी चालू आहे ना!"

रोग रेड्याला आणि औषध पखालीला, हे बाईंनी लहानपणापासून ऐकलं होतं. इथे रेडा कुठे आहे हेच कोणाला माहीत नव्हतं. पांढरी गोळी त्यांच्या चांगल्याच ओळखीची होती. ती म्हाताऱ्या माणसांना महिनोन्‌महिने दिली, की काहींचे हात थरथरायला लागतात आणि चेहरा दगडासारखा होतो. बघणाऱ्याला वाटतं, कंपवात. प्रश्न एवढाच होता, की गोळी आधी आली की थरथर?

त्यांनी मास्तरांच्या फायली मागितल्या. तीन जाडजूड फायली आल्या. जेवणाच्या सुट्टीत, मग सुट्टी संपल्यावर, मग पुढच्या मंगळवारी बाई महिना महिना मागे जात राहिल्या. सगळीकडे पांढरी होती. थरथरीची पहिली नोंद पाच वर्षांपूर्वीची होती. पांढरी त्याच्याही मागे होती. तिसऱ्या फायलीच्या तळाशी पोचल्या तरी ती होतीच. अगदी पहिली फाइल धुलाईच्या खोलीत, चादरींच्या थप्पीमागे सापडली. तिच्यात एक चिठ्ठी टाचलेली होती, मास्तरांच्या जुन्या गावातल्या घरच्या डॉक्टरांच्या हातची.

चिठ्ठीवर लिहिलं होतं: 'प्रवासासाठी. निघण्याआधी अर्धा तास एक गोळी. लागल्यास आठ तासांनी पुन्हा.'

शेजारी निवासाच्या कारकुनानं केलेली सुबक नक्कल होती. कारकुनाची जागा कमी पडली असावी. 'प्रवासासाठी' गेलं होतं, 'निघण्याआधी' गेलं होतं, 'लागल्यास' गेलं होतं. उरलं होतं: 'एक गोळी, आठ तासांनी पुन्हा.'

मास्तरांना गाडी लागायची. मुलगी आणि जावई त्यांना इथे घेऊन आले तेव्हा चार तासांचा रस्ता होता. त्या चार तासांसाठी दिलेली गोळी ते सहा वर्षं, दिवसातून तीनदा, घड्याळाच्या काट्यावर घेत होते. साडेसहा हजारांच्या वर गोळ्या झाल्या. एकही चुकली नव्हती, उशिरा गेली नव्हती, सांडली नव्हती.

गुरुवार हा बाईंचा दिवस नव्हता, तरी त्या आल्या. डॉक्टर नऊ नंबरच्या चार्टावर आले, त्यांनी सवयीनं शिक्का उचलला, आणि खाली आणताना पाहिलं तर कागदावर बाईंचा तळहात.

"अहो, हात काढा. शाई लागेल."

"ही पांढरी गोळी बंद करायची आहे, डॉक्टर."

"मी सुरू केलेली नाही ती."

"माहितीय."

"माझ्या आधीच्यांनी केली असणार."

"त्यांना फोन केला होता. ते म्हणाले, त्यांच्याही आधीपासून होती."

"मग सुरू केली कोणी?"

बाईंनी चिठ्ठी समोर ठेवली. डॉक्टरांनी ती वाचली, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचली. खोलीत फक्त मास्तरांच्या हाताखाली खुर्चीचा दांडा खडखडत होता.

"म्हणजे मास्तर अजून पोचलेच नाहीत म्हणायचं," डॉक्टर शेवटी म्हणाले.

"या गोळीनं थरथर होऊ शकते, हे तुम्हाला..."

"माहीत आहे हो. परीक्षेत हाच प्रश्न होता मला."

"मग?"

"पूर्ण मार्क पडले होते," डॉक्टर म्हणाले आणि शिक्का खिशात घातला. थोडा वेळ ते मास्तरांकडे बघत बसले. इतक्या गुरुवारांत ते या खोलीत पहिल्यांदाच बसले होते. मग त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलं: पांढरी आजपासून बंद. पिवळी आणि निळी एकदम नाही, हळूहळू कमी. दर आठवड्याला मी पाहीन.

आता कोणालाही वाटेल, की विषय मिटला. पण डॉक्टरांनी लिहिणं वेगळं आणि औषध बंद होणं वेगळं. बाई कागद घेऊन व्यवस्थापकांकडे गेल्या, तेव्हा त्यांनी ड्रॉवरमधून फॉर्म काढला आणि बोट ठेवलं.

"औषध सुरू करायला हिरवा फॉर्म आहे, मॅडम. वाढवायलाही हिरवाच. बंद करायला हा. पण यात कारणं दोनच आहेत. निधन किंवा स्थलांतर."

"तिसरं लिहू या. गरज नाही, म्हणून."

"रकाना नाही."

"मग काय, कागदावर मारायचं का मास्तरांना?"

बाई चेष्टेनं बोलल्या होत्या. व्यवस्थापकांनी मात्र खरोखर विचार केला. "नको," ते म्हणाले. "निधनाची प्रत वर जाते. मागे एकदा चुकून गेली होती एका आजोबांची. त्यांना परत जिवंत करायला सात महिने लागले. तोवर त्यांना जेवण कुठल्या नावानं द्यायचं हाच घोळ." त्यांनी पेन टेकवलं. "स्थलांतर करू."

"कुठे?"

"नऊमधून नऊमध्ये. पण नियमाप्रमाणे पलंग खोलीबाहेर जायला हवा."

आणि तसंच झालं. सकाळी दहा वाजता मास्तरांना पलंगावर बसवलं, दोघांनी पलंग ढकलत बाहेर काढला आणि तो पंधरा मिनिटं मार्गिकेत, पाणी प्यायच्या नळाशेजारी उभा राहिला. येणारेजाणारे वळसा घालून जात होते.

"कुठे चाललोय?" मास्तरांनी विचारलं.

"कुठेच नाही, मास्तर," बाई म्हणाल्या. त्या त्यांचा हात धरून उभ्या होत्या.

मग पलंग परत आत गेला. नव्यानं आलेल्या रहिवाशाचा फॉर्म भरावा लागला. त्यात 'प्रवास कसा झाला' असा रकाना होता. व्यवस्थापकांनी प्रामाणिकपणे लिहिलं: सुखरूप.

पहिल्या आठवड्यात काहीच झालं नाही. व्यवस्थापक दोनदा खोलीत डोकावून गेले, आणि दोन्ही वेळा समाधानानं. चार्टावरचा एक रकाना रिकामा बघून त्यांना दातांतल्या फटीसारखं वाटत होतं. दुसऱ्या आठवड्यातही फारसा फरक नाही. बाईंची झोप उडाली. न जाणो, गोळीचा दोष नसेलच तर? मास्तरांना खरंच तो आजार असेल तर? वीस वर्षं त्या लोकांना गोळ्या देत आल्या होत्या. काढून घ्यायची ही पहिलीच वेळ, आणि काढून घेणं किती जड असतं हे त्यांना तेव्हा कळलं.

चौथ्या आठवड्यात चमच्यातलं सूप तोंडापर्यंत पोचलं. अर्धंच, पण पोचलं. संध्याकाळची गिऱ्हाइकं दिसेनाशी झाली. "गेले वाटतं सगळे," मास्तर एकदा म्हणाले, जरा उदास होऊन. "बरं होतं तसं. येऊन-जाऊन होते." दोन महिन्यांनी त्यांनी शर्टाची बटणं स्वतः लावली. अडीच महिन्यांनी लाळेरं काढून सिस्टरच्या हातात दिलं. "हे असलं टाचण मी माझ्या शिकाऊ माणसालाही करू दिलं नसतं."

आणि मास्तर बोलू लागले. ते बोलू लागल्यावर सगळ्यांच्या लक्षात आलं, की सहा वर्षं त्यांच्या तोंडात केवढं साचलं होतं. जेवणघरातले पडदे तिरके शिवलेत. सिस्टरांच्या गणवेशाचे खिसे नुसते दाखवायचे आहेत. चादरींचे काठ उसवलेत. व्यवस्थापकांची पँट त्यांच्या मापाची नाही, आणि कोणाच्याच मापाची नाही. एका पंधरवड्यात त्यांनी नऊ लेखी तक्रारी दिल्या. तक्रारपेटीची किल्ली कोणाला सापडेना, कारण ती कधी उघडलीच नव्हती. शेवटी कुलूप तोडलं तेव्हा आत कोळ्याचं जाळं आणि पेटी बसवणाऱ्या सुताराची पेन्सिल मिळाली.

"मॅडम, हे पूर्वी फार शांत गृहस्थ होते," व्यवस्थापक बाईंना म्हणाले.

"हो ना," बाई म्हणाल्या. "दिवसाला अकरा गोळ्या लागायच्या त्यासाठी."

मुलीला सगळं सांगायचं काम बाईंवरच आलं. मुलगी दर रविवारी न चुकता येई; वडील सुधारताना तिला दिसत होते, पण तिला वाटे, एखादी नवी गोळी लागू पडली. यावेळी तिला मुद्दाम मंगळवारी बोलावलं. जिन्याखालच्या खोलीत एकच खुर्ची होती, ती तिला दिली. मुलगी वाईट नव्हती. वडिलांना कंपवात झाला म्हटल्यावर तिनं त्यावरची मिळतील ती पुस्तकं वाचली होती, रुग्णांच्या नातेवाइकांचं मंडळ काढलं होतं आणि आता ती त्याची चिटणीस होती. पुढच्या महिन्यात तिचं भाषण होतं: 'आजाराशी मैत्री'.

"म्हणजे बाबांना कंपवात नाहीच?" तिनं विचारलं. वर्षभर अभ्यास केलेली परीक्षाच रद्द झाल्यासारखा तिचा चेहरा झाला होता.

"डॉक्टरांनाही आता तसंच वाटतं. थरथर गोळीची होती."

"मग मी मंडळात काय सांगू? पत्रकं छापून झालीत." बोलून गेल्यावर आपण काय बोललो हे तिच्या कानावर पडलं. तिनं तोंडावर हात ठेवला. मग हळूच विचारलं, "कुठली गोळी?"

बाईंनी चिठ्ठी दाखवली. मुलीनं ती वाचली आणि तशीच हातात घेऊन ती जिना चढली, मागोमाग बाई.

वर नऊ नंबरमध्ये मास्तर स्वतःच्याच उशीचा अभ्रा उसवत बसले होते. सिस्टरनी दिलेल्या नखकात्रीनं. मुलगी समोर बसली. बाई निघायला वळल्या, तर मास्तर म्हणाले, "तुम्ही थांबा. तुमच्यापासून काय लपवायचं? माझ्या पोटात काय-काय जातं ते तुम्हालाच माहीत."

मग ते मुलीला म्हणाले, "तर मला तो आजार नव्हता म्हणे."

"नव्हता, बाबा."

"मग मला इथे ठेवलंय कशाला?"

मुलीनं मान खाली घातली. "बाबा, थरथर इथे आल्यावर सुरू झाली. तुम्हाला आणलं तेव्हा तुम्ही चांगले होतात. आई गेल्यावर तुम्ही एकटे होतात, आमच्या घरात जागा नव्हती... म्हणून आणलं."

"हां," मास्तर म्हणाले. त्यांनी धाग्याचं एक टोक ओढून काढलं. "हे खरं बोललीस."

"आणि ती गोळी मीच मागून घेतली होती डॉक्टरांकडून. गाडी नवीन होती. ह्यांनी नुकतीच सीट कव्हरं घातली होती. ते म्हणाले, वाटेत काही व्हायला नको." ती रडायला लागली होती.

मास्तरांनी अभ्रा बाजूला ठेवला. हात मांडीवर होते. उजवा स्थिर, डाव्याचा अंगठा अजून जरासा हलत होता.

"रंग कोणता होता?" त्यांनी विचारलं.

"कशाचा?"

"कव्हरांचा."

"फिकट. दुधी."

"मग बरोबर आहे," मास्तर म्हणाले. "फिकट कापडावरचा डाग जात नाही. नाक पूस. आणि तुझ्या या कुडत्याची बाही कोणी लावली, त्याला माझ्याकडे पाठव."

पुढच्या महिन्यात मुलीनं त्यांना आठ दिवसांसाठी घरी नेलं. जावयानं गाडीच्या मागच्या सीटवर वर्तमानपत्रं अंथरली, मग सासऱ्यांकडे बघून लाजून ती स्वतःच उचलली. मास्तरांनी सगळ्या काचा खाली करायला लावल्या आणि पुढच्या सीटवर बसून लांब बघत गेले. त्यांना काही झालं नाही. पाचव्या दिवशी मात्र ते परत आले, आपणहून. तिथे कपाटं भरून तयार कपडे होते आणि कोणाला काही उसवून, शिवून घ्यायचं नव्हतं. सकाळी सगळे कामावर गेले, की ते खिडकीत बसायचे. खिडकीत बसायचं तर ती आपली इथली बरी, असं ते बाईंना म्हणाले. मुलगी येतेच. रविवारीही येते आणि मधल्या वारीही. मंडळाची चिटणीस ती अजून आहे. फक्त भाषणाचा विषय बदलला. वडिलांच्या औषधांच्या चिठ्ठ्या मुळापासून कशा वाचायच्या, यावर ती बोलली. ऐकून घरी गेलेल्यांपैकी सात जणांनी आपापल्या डॉक्टरांना विचारलं, "ही कशाला?" डॉक्टर मंडळी अजून तिच्यावर नाराज आहेत.

इथे गुरुवारचे डॉक्टर आता तीन तास थांबतात आणि पाठ दुखते म्हणून कुरकुरतात. बाई दहा नंबरकडे वळल्या, मग अकराकडे. वरच्या कार्यालयातून दोन तपासनीस आले, ट्रॉली इतकी हलकी कशी म्हणून त्यांनी संशयानं तिचे खण उचकले आणि 'औषधांचा तुटवडा?' असा शेरा मारून गेले. त्या शेऱ्याला उत्तर द्यायला बाईंना बावीस पानं लिहावी लागली.

शिवणयंत्र मात्र मास्तरांनी स्वतःच मिळवलं. मुलीनं माळ्यावरून जुनं यंत्र काढून आणलं. सुईला परवानगी नाही म्हणून व्यवस्थापकांनी ते चार दिवस ऑफिसात ठेवून घेतलं. पाचव्या दिवशी ते खुर्चीतून उठताना त्यांची पँट पाठीमागे टर्रकन फाटली. यंत्र त्याच दुपारी नऊ नंबरमध्ये पोचलं.

तिथे आता रोज दुपारी रांग असते. इतक्या वर्षांत माणसं वाळली होती आणि कपडे तसेच राहिले होते. ज्याच्या त्याच्या अंगावर दुसऱ्याचाच सदरा असल्यासारखा लोंबत होता. मास्तर मापं घेतात, तोंडात टाचण्या धरून बोलतात आणि कोणालाही वेळेवर काही देत नाहीत.

"माझी पँट?" व्यवस्थापक दारातून विचारतात.

"परवा."

"मागच्या आठवड्यातही तुम्ही परवाच म्हणालात."

"मग? मागच्या आठवड्याचा परवा वेगळा होता." मास्तर चाक फिरवतात. "आणि आधी रांगेत या. यांचा नंबर आहे."

दहा नंबरच्या आजी, ज्या दोन वर्षं दिवसा डोळे उघडत नव्हत्या, मांडीवर घडी घातलेलं पोलकं घेऊन टक्क बसलेल्या असतात. त्या जरा सरकतात आणि शेजारची खुर्ची थोपटतात.

"बसा हो," त्या व्यवस्थापकांना म्हणतात. "मीही तीन दिवसांपासून येतेय."

व्यवस्थापक बसतात.